भाज्या घातलेला व्हीगन चॉकलेट केक तळाशी गिचका का राहतो?

बीट, लाल भोपळा किंवा दुधी घालून, अंडी, दूध आणि लोणी यांपैकी काहीही न वापरता केलेला चॉकलेट केक वरून छान फुगतो, कडा साच्यापासून सुटतात, मध्ये खुपसलेली सुई कोरडी बाहेर येते, आणि तरीही गार झाल्यावर सुरी फिरवली की तळाशी अर्ध्या इंचाचा, गडद, गिचक्या भातासारखा चिकट थर दिसतो. ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि सुरुवातीची दोन वर्षे माझ्या स्वतःच्या ओव्हनमधूनही हाच केक बाहेर येत असे. बहुतेक जण यावर पुढच्या वेळी केक दहा मिनिटे जास्त भाजतात. त्याने वरचा पापुद्रा कडक होतो, कडा कोरड्या पडतात आणि तळाचा थर मात्र जिथल्या तिथे राहतो, कारण दोष बहुधा वेळेचा नसतोच. तो पाण्याच्या हिशेबाचा असतो.

अंडी घातलेल्या केकमध्ये हीच भाजी, याच प्रमाणात, निमूटपणे खपून जाते. अंड्यातील प्रथिने साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान घट्ट होतात आणि मिश्रण बरेच ओले असले तरी त्याला आतून एक सांगाडा देतात. व्हीगन केकमध्ये हा आधार नसतो. तिथे सगळा भार मैद्यातील पिष्ट आणि ग्लुटेन यांच्यावर पडतो, आणि साखर भरपूर असली की पिष्ट फुगून घट्ट होण्याची क्रियाही अधिक वरच्या तापमानापर्यंत लांबते. दरम्यान मिश्रण पातळच राहिले, तर सोड्याने तयार झालेले बुडबुडे वर निसटून जातात, भाजीचा जड लगदा खाली बसतो, आणि तळाशी हवा नसलेली, पाण्याने तुडुंब फुगलेली खळ तेवढी शिजते. जो थर आपल्याला कच्चा वाटतो, तो पुष्कळदा कच्चा नसतो; तो शिजलेलाच असतो, फक्त केक म्हणून नव्हे तर खळ म्हणून.

म्हणून पहिली तपासणी सुईने न करता तापमापकाने करावी. दांडीचा, खाद्यपदार्थांसाठीचा साधा तापमापक पुरतो. केक बाहेर काढण्यापूर्वी त्याचे टोक मध्यभागी, तळापासून साधारण एक सेंटिमीटर वर राहील असे खुपसावे. आकडा ९० च्या आसपास घुटमळत असेल तर केक खरोखरच कच्चा आहे आणि त्याला आणखी वेळ हवा आहे. आकडा ९८ झाला असेल आणि तरीही गार झाल्यावर थर निघत असेल, तर आणखी भाजून उपयोग नाही, कारण त्यात पाणीच जास्त गेले आहे. सुई या दोन स्थितींत फरक करू शकत नाही. उलट भाजीचा एखादा मऊ तुकडा चिकटून ती पूर्ण भाजलेल्या केकलाही कच्चे ठरवते.

आता हिशेब पाहू. अंड्यांशिवायच्या चॉकलेट केकचे एक जुने, खात्रीचे प्रमाण आहे, जे वीस सेंटिमीटरच्या चौकोनी साच्याला पुरते: मैदा १९० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, साखर १८० ते २०० ग्रॅम, तेल ७५ ग्रॅम, एक सपाट चहाचा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि २४० ग्रॅम पाणी. हा केक भाजीविना उत्तम होतो. यात २०० ग्रॅम शिजलेल्या बिटाचा लगदा घालायचा ठरवले, तर लक्षात ठेवायचे ते इतकेच की बिटात सुमारे ८७ टक्के पाणी असते, म्हणजे त्या लगद्याबरोबर १७४ ग्रॅम पाणी आत जाते. अनेक जण अंदाजाने मूळ पाणी निम्मे करतात आणि आपण पुरेशी काळजी घेतली असे समजतात. पण १२० आणि १७४ मिळून २९४ ग्रॅम होतात, म्हणजे गरजेपेक्षा जवळपास पाव हिश्शाने अधिक. शिवाय मिक्सर फिरावा म्हणून भांड्यात घातलेले अर्धी वाटी पाणी कोणीच मोजत नाही. तेही धरले तर पाणी दीडपट होते, आणि मग तळाशी थर आला नाही तरच नवल.

मिक्सरमध्ये वेगळे पाणी घालूच नये. लगदा वाटायला जे द्रव लागेल ते कृतीतल्या मोजून ठेवलेल्या पाण्यातून किंवा सोया दुधातून घ्यावे. बीट कुकरमध्ये शिजवायचे तर सोलून, डब्यात पाणी न घालता, डब्यावर झाकण ठेवून वाफवावे. पाण्यात बुडवून उकडलेले बीट पाणीही पिते आणि चवही सोडते. वाटी आणि कप यांचा गोंधळ हाही मोठा आहे. कृतीतला कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो आणि आपल्या घरातल्या वाट्या दीडशेपासून दोनशेपर्यंत काहीही असू शकतात, त्यामुळे या प्रकारच्या केकसाठी वजनकाट्याला पर्याय नाही. भाजी तर कपाने मोजूच नये, कारण सैल भरलेला कीस आणि दाबून भरलेला कीस यांत सहज दुपटीचा फरक पडतो.

हिशेब कळल्यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे वरचे पाणी ६५ ग्रॅमपर्यंत उतरवणे. कागदावर ते बरोबर आहे, पण प्रत्यक्षात त्यात एक फसगत आहे. लगद्यातले पाणी भाजीच्या पेशींत आणि तंतूंत धरलेले असते, ते मैदा आणि कोको यांना लगेच मिळत नाही. त्यामुळे मिश्रण सुरुवातीला फारच घट्ट दिसते, हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो, आणि पुढे ओव्हनमध्ये तापल्यावर भाजी आपले पाणी सोडते तेव्हा तेच मिश्रण पातळ होते. म्हणून मला लगदा आधी आटवून घेण्याची पद्धत अधिक भरवशाची वाटते. २०० ग्रॅम लगदा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतत राहावे आणि तो १५० ग्रॅम भरला की आच बंद करावी. कढईचे रिकामे वजन आधी लिहून ठेवले तर लगदा पुन्हा पुन्हा काढून मोजावा लागत नाही. पुरण शिजल्याची खूण म्हणून कालथा त्यात उभा राहतो का ते पाहतात. इथे इतके घट्ट करायचे नाही. कालथ्याने कढईच्या तळावर रेघ ओढली आणि ती लगेच बुजली नाही की झाले. आता या लगद्यात पाणी उरले १२४ ग्रॅम, म्हणजे वरून ११६ ग्रॅम द्रव घालता येते, आणि त्यातले निम्मे उकळते घेऊन कोको त्यात भिजवला तर चॉकलेटचा स्वादही अधिक खुलतो. आटवलेला लगदा मात्र पूर्ण गार करूनच मिसळावा, नाहीतर सोडा भांड्यातच फसफसून संपतो.

तयार मिश्रणाचा सैलपणा इडलीच्या पिठासारखा असावा, डोशाच्या पिठासारखा नव्हे. पळीतून ते जाड पट्टीसारखे पडले पाहिजे आणि पडल्यावर क्षणभर तरी आपला आकार धरून राहिले पाहिजे.

हा विचार आपल्या स्वयंपाकघराला अनोळखी नाही. भोपळ्याचे घारगे करताना शिजलेल्या भोपळ्यात गूळ विरघळवून त्यात मावेल तेवढेच पीठ घालतात आणि वरून पाणी घालत नाहीत. कोकणातल्या तवसाच्या धोंडसात रवा काकडीच्याच पाण्यात भिजतो. तिथे भाजी हेच द्रव मानलेले असते. केकच्या बाबतीत घारग्यांसारखे ‘मावेल तेवढे पीठ’ घालता येत नाही, कारण पीठ वाढवले की साखर, तेल आणि सोडा यांचे प्रमाण बिघडते आणि केक दडदडीत होतो. पण भाजी ही कोरडी वस्तू नसून द्रव आहे, ही मूळ समजूत जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

कोणती भाजी वापरली त्यावर उपाय थोडा बदलतो. लाल भोपळ्यात सुमारे ९२ टक्के पाणी असते, त्यामुळे तो बिटापेक्षा अधिक आटवावा लागतो. बाकी तो गुणी आहे, त्याची चव कोकोमागे सहज लपते. दुधीचा कीस कच्चाच घालतात आणि त्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते. तो किसून, चिमूटभर मीठ लावून, दहा मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळून घ्यावा. निघालेले पाणी मोजून, तेच कृतीतल्या पाण्याऐवजी वापरता येते. मिठाचा अर्धा चमचा मात्र तेवढा कमी करावा. दुधीच्या केकमध्ये हमखास होणारी एक चूक अशी की कीस आणि साखर आधी एकत्र करून, मग बाकीची तयारी केली जाते. साखर भाजीतले पाणी ओढून घेते, दहा मिनिटांत भांड्यात पाक साचतो, मिश्रण पातळ दिसते म्हणून मैदा वाढवला जातो आणि केक वरून दगड, तळाशी खळ असा निघतो. पिळलेला कीस सर्वांत शेवटी, साच्यात ओतण्याच्या क्षणी मिसळावा.

दुधीबाबत आणखी एक गोष्ट या लेखाच्या विषयाहून महत्त्वाची आहे. दुधी किसण्यापूर्वी त्याचा कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि तो कडू लागला तर थुंकून टाकून अख्खा दुधी फेकून द्यावा. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो, ती शिजवून नष्ट होत नाहीत, आणि कडू दुधीच्या रसाने माणसे गंभीर आजारी पडल्याची, दगावल्याचीही उदाहरणे आपल्या देशात घडली आहेत. भाजीत किंवा रसात कडूपणा निदान जाणवतो. कोको आणि साखर यांच्या आड मात्र तो लपू शकतो, आणि लपवणे हाच तर या केकचा उद्देश असतो.

रताळ्याचे दुखणे वेगळे आहे. त्यात पाणी सुमारे ७७ टक्केच असते, तरीही रताळ्याचा ब्राउनी केवळ तळाशी न राहता आरपार चिकट होतो. शिजलेले रताळे मिक्सरमध्ये फिरवले की पेशी फुटून त्यातले पिष्ट मोकळे होते आणि लगद्याला डिंकासारखी तार येते. त्यात मैद्याचे पिष्ट मिळाले की काही विचारायलाच नको. रताळे वाफवून, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावे किंवा हाताने कुस्करून चाळणीवर घासावे, मिक्सर नकोच. सावकाश भाजलेले रताळे वाफवलेल्यापेक्षा गोड लागते, कारण तापमान हळूहळू चढत असताना त्यातील विकरे पिष्टाचे माल्टोजमध्ये रूपांतर करतात. तेव्हा भाजून घेतले तर साखर वीस-तीस ग्रॅमने कमी करण्यास हरकत नाही. पालकाबद्दल विशेष काही सांगण्यासारखे नाही: वाफवून, पिळून, बारीक वाटून ५० ग्रॅमपर्यंत घातला तर खपतो, त्याहून अधिक घातला तर चॉकलेटची भाजी होते.

जवसाविषयीचा गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे पाणी, हे समीकरण सर्वत्र दिले जाते आणि साध्या केकमध्ये ते चालतेही. पण जवसाचा बुळबुळीतपणा अंड्यासारखा उष्णतेने घट्ट होत नाही. तो फक्त पाणी धरून ठेवतो. भाजीमुळे आधीच ओल्या असलेल्या मिश्रणात, केक बसतो म्हणून जवस दुप्पट करणे म्हणजे गिचकेपणाला खतपाणी घालणे होय. वर दिलेल्या प्रमाणात जवसाची गरजच नाही. काही धरून ठेवणारे हवेच असेल, तर छोले शिजवलेले घट्ट पाणी तीन मोठे चमचे घ्यावे, फेसून घ्यावे, आणि तेही द्रवाच्या हिशेबात धरावे.

हिशेब बरोबर असूनही थर येत असेल, तर ओव्हनकडे वळावे. घरगुती ओटीजीच्या काट्यावर १७५ अंश दिसत असताना आत १५५ असणे मुळीच दुर्मीळ नाही. आत ठेवायचा छोटा तापमापक घेतल्यावर माझा स्वतःचा ओव्हन इतकी वर्षे खोटे बोलत होता हे मला कळले. त्याहून अधिक वेळा आढळणारी चूक म्हणजे साचा जाळीवर न ठेवता ओव्हनसोबत मिळालेल्या सपाट ट्रेवर ठेवणे. तो ट्रे खालच्या रॉडची उष्णता अडवतो, वरची बाजू भाजून निघते आणि तळ मात्र उबेत राहतो. साचा जाळीवर, मधल्या किंवा त्याखालच्या खणात ठेवावा आणि दोन्ही रॉड चालू असावेत. काचेचे भांडे तापायला वेळ घेते, म्हणून पातळ ॲल्युमिनियमचा साचा बरा. मिश्रणाची उंची साच्यात चार सेंटिमीटरहून अधिक नको. अशा ओल्या केकसाठी १७५ अंशांवर ३५ ते ४५ मिनिटे धरावीत आणि पहिली २५ मिनिटे दार उघडू नये.

सोड्याचा प्रश्न कोकोशी जोडलेला आहे. साधा कोको आम्ल असतो आणि सोड्याला साथ देतो. अल्कलीची प्रक्रिया केलेला, अधिक काळपट कोको ती साथ देत नाही. डब्यावरील घटकांत आम्लता-नियामक म्हणून ५०० किंवा ५०१ हा क्रमांक दिसला, तर तो या दुसऱ्या प्रकारचा आहे असे समजून सोडा अर्धा चमचा करावा आणि एक चमचा बेकिंग पावडर घालावी. नाहीतर केकला साबणाची चव येते. लोक ती चव बिटाच्या माथी मारतात.

बिटाच्या माथी खरोखर जे मारायला हवे ते म्हणजे मातीचा वास. पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो गंध येतो, त्यात ज्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा वाटा असतो, तेच द्रव्य बिटात असते, आणि माणसाच्या नाकाला ते अत्यंत अल्प प्रमाणातही जाणवते. सालीत ते अधिक असल्यामुळे बीट जाडसर सोलावे. आम्लात ते विघटित होते, म्हणून कृतीतले व्हिनेगर किंवा तेवढाच लिंबाचा रस, आटवून झालेला लगदा कढईत कोमट असतानाच त्यात घालून दहा मिनिटे ठेवावा. यात रंगाचाही थोडा बचाव होतो, कारण बिटाचा लाल रंग आम्लात टिकतो आणि सोड्याने व उष्णतेने तपकिरी होतो. मात्र कोकोच्या केकमध्ये लाल रंगाचा पाठलाग करून सोडा कमी करू नये. रंग येत नाही आणि केक मात्र बसतो.

व्हीगन म्हणून करत असाल तर चॉकलेटची वेष्टने वाचावीत. आपल्याकडे ‘एगलेस’ आणि व्हीगन यांची सरमिसळ सर्रास होते, आणि शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका दुधाच्या पदार्थांवरही असतो. व्हीगन पदार्थांसाठी भारतात २०२२ मध्ये वेगळे नियम झाले आणि त्यांचे चिन्हही वेगळे आहे. डार्क म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त कंपाउंडमध्येही, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरे वनस्पती तेल वापरलेल्या चॉकलेटमध्येही, पुष्कळदा दुग्धघन आढळतात. आणि भाजी मुलांपासून लपवली तरी त्यांच्या पालकांपासून लपवू नये. ॲलर्जीचे कारण आहेच, शिवाय बीट खाल्ल्यावर काहींच्या लघवीला लालसर रंग येतो. भाचीच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला तीन घाबरलेल्या आयांचे फोन आले होते.

सर्व काही नीट झाल्यावरही केक गरम असताना कापला, तर तो चिकटच दिसेल. गार होताना पिष्ट घट्ट बसते आणि अंडे नसलेल्या केकचा पोत तेव्हाच तयार होतो. साच्यात पंधरा मिनिटे ठेवून तो जाळीवर उलटा करावा, म्हणजे तळाला वाफ कोंडत नाही, आणि निदान चार तास हात लावू नये. भाजीच्या ओलाव्यामुळे हा केक पावसाळ्यात दुसऱ्या दिवसानंतर बाहेर टिकत नाही, तेव्हा तो फ्रीजमध्येच ठेवावा.

आणि आज जो केक गिचका झाला आहे, त्याचा वरचा भाग कापून खावा, तळाचा थर हाताने कुस्करून ताटलीत पसरावा आणि १५० अंशांवर, अधूनमधून हलवत, वीसेक मिनिटे कोरडा करावा. गार झाल्यावर त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट आणि बिया काढून वाटलेला खजूर मिसळला की त्याचे चांगले लाडू वळता येतात.